सूचना : बुधवारची प्रार्थनासभा

सर्व सभासदांना प्रभू येशूच्या नावाने सलाम.

येत्या बुधवारी संध्याकाळी ७ वाजता विश्रामबागेतल्या आपल्या प्रार्थनागृहात सभा आहे. वचन : बायबलमधील २ इतिहास, अध्याय २०. घरून वाचून या.

यहूदाच्या यहोशाफाट राजावर शेजारचे मवाबी आणि अम्मोनी लोक चालून आले, तेव्हा त्याने आपली भीती लपवली नाही. काय करावे सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत, असे त्याने भर सभेत देवाला सांगितले. उत्तर आले : लढाई तुमची नाही, देवाची आहे. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे उठून लोक तकोवाच्या रानात गेले, आणि सैन्याच्या पुढे कोण, तर गाणारे! या ओळींवर थोडे थांबून विचार करा.

सध्या काही घरांत आजारपण आहे, काहींची मुले नोकरीविना आहेत. औषधे थांबवू नका, अर्ज करायचे सोडू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा देवाचा धावा करणारी माणसे बोटीतही बसलीच की. पापापासून तारण मात्र सर्वस्वी त्याचेच काम. ते कृपेचे दान आहे (इफिस २:८), तिथे आपली कमाई चालत नाही.

लहान मुलांना जरूर आणा. त्या दिवशी यहूदातली लेकरेही परमेश्वरापुढे उभी होती (२ इतिहास २०:१३).

प्रार्थनेचे विषय मंगळवारी रात्रीपर्यंत सेक्रेटरींकडे द्यावेत. परतायला वाहन नसेल त्यांनीही तेव्हाच सांगावे, सोय करू.