बारा हजारांत रोजच्या कामाची सायकल

प्रिय संदीप,

तुझं पत्र मिळालं. कोथरूड ते बाणेर रोज सायकलने जायचं तू नक्की केलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. बजेट बारा हजारांचं म्हणतोस. तेवढ्यात वर्षानुवर्षं टिकणारी सायकल येते, फक्त पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे आधी कळायला हवं. शनिवारी दुकानात जाण्यापूर्वी हे पत्र एकदा शांतपणे वाच.

आधी हिशेब. बारा हजारांची सायकल घेऊ नकोस, साडेआठ-नऊ हजारांची घे. मडगार्ड, कॅरिअर, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, पंप आणि हेल्मेट यांना मिळून तीन-साडेतीन हजार सहज लागतात. कामावर जायच्या सायकलला यातलं काहीच ऐच्छिक नाही. मडगार्ड नसेल तर जूनमध्ये पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसात शिरावं लागेल आणि आठवड्याभरात सायकल घरी राहायला लागेल. अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलेला आहे. पक्कं बिल घे आणि त्यावर पाच टक्केच लावलाय ना ते बघ. बिलावर फ्रेमचा नंबर लिहून घे. पायडलचे दांडे (क्रँक) फ्रेमला जिथे जोडलेले असतात, त्या नळीच्या खालच्या बाजूला तो सहसा कोरलेला असतो. चोरी झाली तर तक्रार देताना तोच उपयोगी पडतो.

आता दुकानात काय दिसेल ते सांगतो. दर्शनी भागात जाड टायरच्या, पुढे-मागे स्प्रिंगवाल्या, डिस्क ब्रेकच्या चमकदार सायकली असतील आणि त्या नेमक्या तुझ्या बजेटात बसतील. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. या किमतीतल्या मागच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग आणि सांध्यातल्या दोन कड्या (बुश) यांपलीकडे काही नसतं. पायडलवर जोर दिलास की त्यातला काही स्प्रिंग दाबण्यात वाया जातो, वर्ष-दोन वर्षांत बुश झिजतात आणि मागचं चाक डुलायला लागतं. वजन सोळा-अठरा किलो. खड्ड्यांचा धक्का सोसायला योग्य जाडीचा टायर आणि त्यात योग्य हवा एवढं पुरतं. स्प्रिंगचे पैसे चाकांत घाल.

आपली जुनी काळी डबल बार सायकल अजूनही मिळते आणि ती दणकट आहे यात शंका नाही. पण वजन वीस किलोच्या आसपास, रिम लोखंडी आणि ब्रेक सळईचे. सपाट गावात, दुधाच्या किटल्या लादून न्यायला तिला तोड नाही. सेनापती बापट रस्त्याचा चढ रोज चढायचा आणि पावसात उतरायचा तर ती नको.

तुझ्यासाठी योग्य म्हणजे साधी, स्प्रिंग नसलेली, ७०० बाय ३५ किंवा ३८ टायरची सायकल, जिला दुकानदार हायब्रिड किंवा सिटी सायकल म्हणतात. सरळ हँडल, पुढचं चाक धरणारा चिमटा बिनस्प्रिंगचा, ॲल्युमिनियमच्या रिम. रिमचं मी मुद्दाम सांगतो आहे. लोखंडी क्रोम रिम ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावरून नुसतं घसरतं आणि गाडी थांबतच नाही. दुकानात सगळ्या रिम चंदेरीच दिसतात, म्हणून खिशात एक छोटं चुंबक ने, फ्रीजवर लावतो तसलं. रिमला लाव. चिकटलं तर ती सायकल बाजूला ठेव.

गिअरचा प्रश्न तू दोनदा विचारलास. साडेआठ-नऊ हजारांत गिअरची सायकल मिळते, पण त्या किमतीत गिअर आणायला बाकी सगळीकडे काटछाट केलेली असते. माझं स्पष्ट मत: नवी घ्यायची तर सिंगल स्पीड, म्हणजे बिनगिअरची घे आणि मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चकती) बदलून घे. पुढे ४४ दात आणि मागे १८ अशी जोडणी नेहमी दिसते. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात तू साधारण ५.३ मीटर पुढे जातोस. तेवढ्यावर चढ चढायचा तर उभं राहूनच मारावी लागेल. मागे २० दातांचं फ्रीव्हील बसवलं की फेऱ्याला ४.८ मीटरच्या आत येतोस. चढावर फरक लगेच जाणवतो आणि सपाटीला मिनिटाला ७० फेरे मारलेस तरी ताशी वीसचा वेग मिळतो. शहरात त्याहून जास्त वेग रोज लागत नाही. फ्रीव्हील स्वस्त आहे आणि नवीन सायकल घेताना दुकानदार ते तिथल्या तिथे बदलून देऊ शकतो. चेन थोडी आखूड पडली तर एक-दोन कड्या वाढवाव्या लागतील, एवढंच.

गुडघा दुखत असेल तर मात्र गिअर हवेत. मग पुढे एकच चकती आणि मागे १४ ते २८ दातांचे सात गिअर अशी बघ, आणि ती जुनी बघ. पुढे तीन चकत्यांची २१ गिअरवाली घेऊ नकोस. त्यातले निम्मे गिअर एकमेकांसारखेच असतात आणि पुढचा डीरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) सतत चेनला घासत राहतो. सातच्या वरच्या आकड्यांसाठीही पैसे देऊ नकोस. सात गिअरचं आटेवाल्या जातीचं फ्रीव्हील गल्लीतल्या दुकानातही मिळतं. त्याचा दोष एकच: मागच्या ॲक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) उजवा टोकाचा भाग आधाराविना बाहेर राहतो. तू अंगाने भरलेला आहेस, कॅरिअरवर बॅगही असणार, तेव्हा सायकल खड्ड्यात दाणकन आदळू देऊ नकोस. ॲक्सल वाकतं ते तिथेच.

आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: घराजवळचा मिस्त्री ज्या सायकलला हात लावेल, ती घे. आधी त्याच्याकडे जा, सायकलकडे नंतर. त्याला विचार, कोणत्या मापाचे टायर-ट्यूब ठेवतोस, कोणती फ्रीव्हील बसवतोस. रोजच्या सायकलचा सुटा भाग त्याच दिवशी मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी तू स्कूटर काढणार.

टायरच्या मापात एक फसगत ठरलेली आहे. काळ्या सायकलचा २८ बाय दीडचा टायर आणि हायब्रिडचा ७००चा टायर या दोन्हींना दुकानात 'अठ्ठावीसची' म्हणतात. पण पहिल्याची रिम ६३५ मिलिमीटरची आणि दुसऱ्याची ६२२ची असते. एकाचा टायर दुसऱ्यावर बसणारच नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ३५-६२२ असा आकडा असतो, तोच खरा. नवी सायकल घेशील त्याच दिवशी तो लिहून ठेव. हवेचा व्हॉल्व्हसुद्धा बघ. बारीक रबर-नळीवाला जुना व्हॉल्व्ह असेल तर दाब मोजता येत नाही. ट्यूब मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची घे, म्हणजे साधा दाबमापक चालतो. तुझं वजन ८० किलोच्या आसपास धरलं तर ३५च्या टायरला मागे ६५ आणि पुढे ५५ पीएसआय ठीक. कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नकोस. दर आठवड्याला हवा भर. बरीच पंक्चर हवा कमी असल्याने होतात. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर समज, हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. बाहेरच्या बाजूला एकच भोक म्हणजे काच किंवा तारेचा तुकडा. तो टायरमध्येच रुतलेला असतो, बोट आतून जपून फिरवून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नकोस. आणि भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकून स्पोकचं टोक वर आलेलं आहे. पॅच कितीही लाव, पट्टी बदलेपर्यंत ते परत होणार.

माप. तुझी उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे १८-१९ इंचाची फ्रेम. ब्रँडप्रमाणे माप बदलतं, तेव्हा आकड्यावर विसंबू नकोस. सायकलवर पाय टाकून जमिनीवर उभा राहा, नळी आणि जांघ यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं. मग भिंतीला टेकून सीटवर बस, टाच पायडलवर ठेव आणि पायडल तळाशी ने. गुडघा सरळ झाला पाहिजे. पुढचा पंजा ठेवलास की तो आपोआप किंचित वाकतो, तीच बरोबर उंची. तेवढी सीट वर घेताना दांड्यावरची कमाल उंचीची रेघ बाहेर आली तर फ्रेम छोटी आहे, दुसरी माग. पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. गुडघे त्यानेच दुखतात. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं.

ब्रेक साधे व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे) घे, लिव्हर प्लास्टिकच्या नको, धातूच्या. या किमतीतल्या केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुतेकदा एकच पॅड सरकतो आणि दुसरा जागेवर असतो. तो घासतो आहे असं वाटलं की ॲलन कीने किंचित मागे घ्यायचा असतो, आणि हे न जमणारे मिस्त्री केबलच ढिली करून ठेवतात. मग ब्रेकच लागत नाही. व्ही-ब्रेकला पावसात पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पकड कमी असते, रिमवरचं पाणी पुसलं जायला तेवढा वेळ लागतो. विद्यापीठाच्या उताराला थोडं आधीपासून हलका ब्रेक धर. रबरात अडकलेले खडे महिन्यातून एकदा टोकदार काडीने काढ, नाहीतर रिमला ओरखडे पडतात.

पैसे देण्याआधी दुकानातच पुढचं चाक काढायला सांग. ॲक्सल दोन्ही टोकांना बोटांत धर आणि हळूच फिरव. खडबडीत, अडकत-अडकत फिरलं तर कोन (छर्रे दाबून धरणारे नट) जास्त कसलेत. नव्या सायकलमध्ये हे वारंवार असतं आणि तसंच चालवलं तर छर्रे कोनाला खड्डे पाडतात. लोण्यासारखं फिरायला हवं, पण चाक बसवून कडेला हलवलं तर खटखट व्हायला नको. ग्रीस कमी दिसलं तर भरून घे. मागच्या चाकाचंही तेच. मग सायकल उचलून चाक फिरव आणि ब्रेकच्या रबराकडे पाहा. रिम त्याच्या जवळ-लांब होते म्हणजे चाक आउट (वाकडं) आहे, तिथेच आउट काढून घे.

पायडल बसवताना तू स्वतः जवळ उभा राहा. उजव्याचे आटे नेहमीचे, डाव्याचे उलटे. डाव्या पायडलवर एल असं कोरलेलं असतं आणि ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं. पहिले चार-पाच आटे हातानेच बसले पाहिजेत. पान्हा लावूनच जोर दिला जात असेल तर थांबव. वाकडं घुसलेलं पायडल ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे खाऊन टाकतं आणि मग क्रँकच बदलावी लागते.

पहिल्या १००-१५० किलोमीटरनंतर सायकल परत ने. नवे स्पोक बसतात, ढिले होतात, मागच्या चाकाचे आधी. क्रँकचे बोल्ट, विशेषतः डावा, परत आवळावा लागतो. तो ढिला ठेवून चालवलं की क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं आणि त्याला काही इलाज नाही.

चेनला ग्रीस नको. त्यावर धूळ बसून चेन घासणारा लेप होतो. प्रत्येक कडीच्या रोलरवर चेनच्या तेलाचा एक थेंब, दहा मिनिटं थांबून बाहेरचं तेल फडक्याने कोरडं पुसायचं. तेल आतच हवं. पावसाळ्यात आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी. सहा महिन्यांनी पट्टीने मोज: बारा इंचांत कड्यांच्या बारा जोड्या नेमक्या बसायला हव्यात. एक अष्टमांश इंच वाढलं असेल तर चेनसोबत फ्रीव्हीलही गेलं. निम्मं वाढलं असतानाच चेन बदललीस तर फ्रीव्हील वाचतं.

लॅपटॉपची बॅग पाठीवर नको, कॅरिअरला लटकणारी घे, घाम कमी येतो. त्यासाठी फ्रेमला मागच्या चाकाजवळ आटे असलेली भोकं आहेत ना ते घेतानाच बघ. चाकं आणि सीट हाताने उघडणाऱ्या लिव्हरची असतील तर नट-बोल्टची करून घे, आणि कुलूप फ्रेमसकट मागच्या चाकातून घाल.

शनिवारी आवडलेल्या सायकलचे तीन फोटो पाठव: टायरच्या कडेवरचा आकडा, मागचं हब (चाकाचा मधला भाग) आणि तू तिच्यावर बसलेला, टाच पायडलवर ठेवून. पैसे माझं उत्तर आल्यावर दे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू