बाबा, आता लिंक तुम्हीच पाठवा

श्टुटगार्ट, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मुद्दाम कागदावर, मोठ्या अक्षरांत लिहिते आहे. मैत्रीण पुढच्या आठवड्यात मिरजेला चाललीय, तिच्यासोबत पाठवते. वाचून झालं की कॉम्प्युटरच्या बाजूला, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवा.

त्या दिवशी मी फोनवर चिडले, ते मनातून जात नाही. बाबा, आईच्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टची लिंक तुम्ही एकेक अक्षर वाचून सांगत होतात. एच, टी, टी, पी, एस, मग दोन टिंबं, दोन तिरक्या रेघा, आणि पुढे ती लांबलचक अक्षरं. शून्य की ओ, हेच कळेना. तीनदा लिहून घेतलं, तिन्ही वेळा उघडलं नाही. मग तुम्ही स्क्रीनचा फोटो पाठवलात, त्यात नुसता खिडकीचा उजेड. शेवटी हळूच म्हणालात, "राहू दे, मे महिन्यात कायमची येतेस ना, तेव्हा बघ."

तेच सांगायचंय. मी इथलं काम आणखी दोन वर्षं वाढवून घेतलंय. सही झाली. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर तुम्ही लगेच "हो" म्हणाला असतात आणि आई रात्रभर जागी राहिली असती. घराचं कर्ज दोन वर्षांत फिटतं. हातातलं काम अर्धवट टाकून येणंही बरोबर नव्हतं. मे महिन्यात तीन आठवडे येतेच आहे, तिकीट काढलंय. आई, माझे इथे हाल नाहीत गं. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी फुगते, खोली रात्रभर उबदार असते. तू पाठवलेली गोधडी तरीही घेतेच.

म्हणून बाबा, आता लिंक तुम्ही पाठवायची. तुम्हाला हे जड नाही. टाइपरायटरवर मोठं अक्षर हवं तर करंगळीनं शिफ्ट दाबून ठेवायचात, आठवतंय? कंट्रोल तशीच धरायची. एका बोटानं धरून ठेवा, दुसऱ्यानं अक्षर दाबा, मग दोन्ही सोडा. रिपोर्ट उघडला की कंट्रोल आणि एल. वरचा सगळा पत्ता निळा होईल. मग कंट्रोल आणि सी. स्क्रीनवर काहीच हलणार नाही, घाबरू नका, कॉपी झालेली असते. लगेच व्हॉट्सॲपवर माझ्या नावाच्या चौकटीत क्लिक करा, कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. "लगेच" अशासाठी, की मध्येच दुसरं काही कॉपी केलंत तर पहिलं जातं. चुकलं तर एंटर दाबायच्या आधी कंट्रोल आणि झेड, म्हणजे केलेलं मागे येतं. झेड, एक्स, सी, व्ही खालच्या ओळीत शेजारी शेजारी आहेत. इथल्या कीबोर्डवर झेड आणि वायच्या जागा उलट्या आहेत, मलासुद्धा बोटं नव्यानं वळवावी लागली.

तुम्हाला असं वाचायला आवडतं म्हणून सांगते. ही कट-कॉपी-पेस्टची पद्धत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात बसवली. पुस्तकांच्या संपादकांचं काम सोपं व्हावं म्हणून. तोवर ते लोक खरोखरच कात्रीनं कापून डिंकानं चिकटवत. तुम्ही ऑफिसात टिपणं जोडायचात, तस्संच.

त्याच ऑफिसात मला मांडीवर घेऊन तुम्ही तांबड्या रिबिनीत माझं नाव टाइप करून दिलं होतंत. माझं बोट तुमच्या बोटाखाली होतं. चौथीपर्यंत तो कागद माझ्या कंपासपेटीत होता. आता मला तुमचं बोट धरता येत नाही, म्हणून हे पत्र.

आता ऐका. रिपोर्टची लिंक फक्त मला पाठवायची, भावकीच्या ग्रुपवर नाही. लिंक ज्याच्या हाती पडते, त्याला बऱ्याचदा रिपोर्टही उघडता येतो. अनोळखी नंबरवरून आलेली लिंक उघडायची नाही, वीजबिलाचं नाव असलं तरी. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. चुकून पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि मग मला. मी रागावणार नाही, वचन. अक्षर बारीक दिसलं तर कंट्रोल आणि अधिकची खूण. मोतीबिंदूच्या डोळ्यावर ताण नको. खुर्चीत पाठीशी उशी घ्या. आई, ते तासाच्या वर बसले तर उठव, आणि तुझी गोळी जेवणाआधीची आहे, नंतरची नाही.

पुढच्या रविवारी इथले अकरा, म्हणजे तुमचे दुपारचे साडेतीन, मी फोन हातात घेऊन बसेन. पहिली लिंक रिपोर्टची नको. आईला विचारा तिला काय आवडलंय ते, आणि तेच पाठवा.

तुमची,
चिमी