भाई, गोदामाच्या चावीबद्दल आभार

भाई, साष्टांग नमस्कार.

मोबाइलवरचं बारीक अक्षर वाचायचा तुम्हाला कंटाळा, हे माहीत आहे. म्हणून वहिनींनी किंवा नातवाने हे पत्र मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती. घरी येऊन बोलता आलं असतं, पण तुमच्यासमोर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘चहा घे’ म्हणून विषय बदलता. शिवाय जिथे माझं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायला जातो तिथे कुणी ना कुणी विचारतंच, तुझ्या संगीतावर प्रभाव कुणाचा? डेट्रॉइट, शिकागो, बर्लिन अशी काहीतरी नावं अपेक्षित असतात. मी म्हणतो, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका साउंडवाल्याचा, म्हणजे तुमचा. समोरचा हसतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. तेव्हा म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं.

शाळेत असताना मी तुमच्या टेम्पोत चढलो तो संगीतासाठी नव्हे, रात्रभर घराबाहेर राहायला मिळतं म्हणून. पहिलं काम दिलंत केबल गुंडाळायचं. मी आपला कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये गरागरा वेढे घालत होतो. तुम्ही काही न बोलता सगळं वेटोळं सोडवलंत आणि पुन्हा माझ्या हातात दिलंत. एक वेढा सुलटा, दुसरा आतून उलटा, परत सुलटा. असं गुंडाळलं की पुढच्या मांडवात टोक धरून केबल फेकली तरी गाठ पडत नाही आणि आतली तांब्याची तार पिळून तुटत नाही. आजही कुठल्याही स्टेजवर गेलो की आधी लक्ष जातं ते केबल कशी गुंडाळलीय त्याकडे. त्यावरून समोरचा माणूस बरोबर कळतो. (एका आयोजकाबद्दल केबल बघूनच मला शंका आली होती. मानधन अजून यायचंय.)

मग दशावतार. सीमेपलीकडून, सिंधुदुर्गातून कंपन्या यायच्या. आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, त्यातले गणपती, संकासुर होऊन आख्यान सुरू व्हायला मध्यरात्र उलटायची, आणि काला व्हायचा पहाटे. संवाद कुठे लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे कोण कधी आवाज चढवील हे साउंडवाल्याला आधी कळायचा मार्गच नाही. तुम्ही नटाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या छातीकडे बघायचात. श्वास भरला की तुमचं बोट मिक्सरवर खाली. राजाची गर्जना कधी फाटली नाही ती त्यामुळे.

त्या रात्रींतच तुम्ही मला सांगितलंत की पायपेटी आणि मृदंग सुरुवातीला मुद्दाम कमी ठेवायचे. लोक कान टवकारून पुढे सरकतात. युद्धाचा नाच येतो तीन-साडेतीनला, तेव्हा मृदंग आणि झांज थोडी वर, तीही कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, इंचाइंचाने. रात्रभर माणूस बसवायचा तर पहिल्या तासातच सगळं ओतून चालत नाही. मी आज सहा-सात तासांचा सेट लावतो तेव्हा दुसरं काय करतो? तीनच्या आधी किकचा, म्हणजे मूळ ठोक्याचा, दणका पूर्ण उघडत नाही.

माइकच्या शिटीचंही तसंच. मांडव रिकामा असताना तुम्ही माइकचा आवाज हळूहळू वाढवत न्यायचात, मुद्दाम, शिटी वाजेपर्यंत. ‘सांग, किती?’ मी आपला अंदाजपंचे ‘दोन हजार हर्ट्झ’ म्हणायचो. ‘अडीच.’ इक्वलायझरची तेवढी एकच दांडी खाली ओढली की शिटी गायब आणि बाकीचा आवाज जसाच्या तसा. मी एकदम सगळंच कमी करायला धावलो की एकच वाक्य यायचं, ‘आदीं आयक, मागीर हात लाय.’ आधी ऐक, मग हात लाव. माझ्या टेबलावर कॉम्प्युटरच्या वर ते चिकटवलेलं आहे. मुंबईचे मित्र अर्थ विचारतात. मी त्यांना आधी ट्रॅक ऐकायला लावतो.

पण खरे आभार मानायचे आहेत ते चावीबद्दल. जून लागला की तुमचा धंदा बंद. जत्रा नाहीत, लग्नं नाहीत, किनाऱ्यावरचे मांडव उतरलेले. स्पीकरचे बॉक्स ताडपत्रीखाली. आपल्याकडच्या पावसात स्पीकरमधले कागदी कोन ओल धरतात, त्यांना बुरशी येते, अँप्लिफायरच्या आत हिरवट गंज चढतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळं चालू करून तासभर वाजवावं लागतं. ते काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत आणि गोदामाची चावी दिलीत. काय वाजवायचं ते सांगितलं नाहीत. घरी जुना कॉम्प्युटर, त्यात कुणाकडून तरी मिळालेला फ्रूटीलूप्स हा संगीत रचायचा प्रोग्राम आणि कानाला स्वस्तातले हेडफोन. तोवर माझं संगीत एवढंच होतं. त्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा अठरा इंची बेसवर ऐकलं.

एकदा तुम्ही अचानक आलात. माझा ट्रॅक थोडा वेळ ऐकलात, दोन बेस बॉक्स शेजारी शेजारी सरकवलेत आणि एकाच्या मागे जाऊन प्लस-मायनसच्या तारा उलट जोडल्यात. ट्रॅक तोच, आवाज तेवढाच, दोन्ही कोन हलताना दिसत होते. पण बेस नाहीसा! एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, हवा जागच्या जागी. तारा पुन्हा सरळ केल्यात आणि पोटात दणका बसला. मग म्हणालात, तुझ्या किकमध्ये आणि बेसमध्ये हेच चाललंय. घरी जाऊन बघितलं तर खरंच, दोन लाटा एकमेकींना खात होत्या. एकीला जरा पुढे सरकवलं आणि काम झालं. पुढे पैसे भरून ध्वनिशास्त्राचा कोर्स केला, तिथे हा विषय फळ्यावर दोन वक्ररेषा काढून शिकवला. मागच्या बाकावर बसून मला गोदामातली ओली ताडपत्री आठवत होती.

त्याच गोदामात पत्र्याच्या पेटीत कॅसेटी होत्या. तुमचे बॉक्स हणजुण्याला आणि वागातोरला किनाऱ्यावरच्या पार्ट्यांसाठी भाड्याने जायचे त्या दिवसांतल्या, कुणी कुणी मागे टाकून गेलेल्या. तिथे रेकॉर्ड प्लेअर फारसा का चालला नाही, तेही तुम्हीच सांगितलंत. उन्हात तबकड्या वाकतात, वाळू खाचेत शिरते. म्हणून डीजे कॅसेटवर आणि नंतर डॅट या डिजिटल टेपवर वाजवायचे. कॅलिफोर्नियाहून १९७०च्या सुमारास आलेला गोवा गिल तर शेवटपर्यंत डॅटवाला, आणि एकट्याने चोवीस-चोवीस तास वाजवणारा. तो २०२३च्या ऑक्टोबरात गेला तेव्हा जगभरच्या लोकांनी लिहिलं. गोवा ट्रान्सचा, म्हणजे या पार्ट्यांतून घडलेल्या नाचाच्या संगीताचा, इतिहास असाच लिहिला जातो, कोण कुठून आलं आणि काय घेऊन आलं. बॉक्स कुणी वाहिले, जनरेटरला डिझेल कुणी घातलं, समुद्राच्या वाऱ्यात आवाज पसरू नये म्हणून भोंग्यांची तोंडं कुणी वळवली, हे त्यात नसतं. असो. मी इतिहासकार नाही, पण तक्रार करायचा हक्क आहे.

चरणजित सिंगांची रेकॉर्ड मी तुम्हाला आणून दिली होती, आठवतं? मुंबईच्या सिनेमासंगीतात वाजवणारा माणूस. १९८२मध्ये रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन बसला, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, ती फारशी खपली नाही. २०१०मध्ये पुन्हा निघाली आणि लोक चाट पडले, कारण त्याच टीबी-३०३च्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं अ‍ॅसिड हाऊस रेकॉर्डवर आलं ते १९८७मध्ये. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही यमन ऐकून म्हणालात, ‘ठेका सोडीत नाही हा माणूस.’ मालकंसाला मान हलवलीत. आणि ललित लागल्यावर, ‘हा दुपारी चारला कोण ऐकतो रे?’ म्हणून बंद करायला लावलात.

त्या ३०३मध्ये एक बटण असतं, फिरवलं की वरचे स्वर हळूहळू झाकले जातात किंवा उघडतात. ट्रान्समधला तो वळवळणारा, ओला आवाज त्यातूनच येतो. चतुर्थीत तुम्ही आरतीला घुमट, म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं मडकं, घेऊन बसता तेव्हा तुमचा डावा तळवा मडक्याच्या मोकळ्या तोंडावर नेमकं हेच करतो. उजवा हात चामड्यावर ठेका धरतो, डावा तोंड झाकतो, अर्धं उघडतो, सोडतो. शामेळचा ढोल आणि कासाळांच्या झांजा आपल्या जागी असतात, पण आरतीला झुलवतो तो डावा हात. सरकारने २०१९मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, चांगलं झालं. घोरपडीऐवजी बकरीचं कातडं आल्याने आवाज बदलला, ही तुमची कुरकुर मात्र मला पटत नाही. घोरपडी रानात राहिलेल्या बऱ्या.

माझ्या नव्या रेकॉर्डवरच्या शेवटच्या ट्रॅकमध्ये सिंथेसायझरचा बेस नाहीच, सगळा बेस घुमटाचा आहे. एक माइक चामड्यापाशी, दुसरा तोंडापाशी. दोन्ही एकत्र केले तर आवाज पातळ झाला. दुसऱ्याचे प्लस-मायनस उलटे केले आणि मडकं भरून आलं. ते कुठे शिकलो ते वर लिहिलंच आहे.

अजून एक गोष्ट, जी तुम्ही विसरला असाल. बाबांना वाटत होतं, मुलगा हरमल-मोरजीच्या पार्टीवाल्यांच्या नादी लागून वाया चाललाय. घरात बोलणं बंद होतं. तुम्ही एका संध्याकाळी आलात, चहा घेतलात, काजूच्या दराबद्दल आणि पाटाच्या पाण्याबद्दल बोललात, आणि चपला घालताना म्हणालात, ‘शिटी कुठल्या पट्टीत वाजते ते याला कळतं. मला कळायला दहा वर्षं लागली.’ बाबा त्यावर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून रात्री उशिरा आलो तर दार उघडं असायचं.

आता उघड्यावर रात्री दहानंतर आवाज बंद. वर्षातल्या फार तर पंधरा दिवसांना बारापर्यंत सवलत. तुमचा धंदा त्यात बसला, हे मला दिसतं. तरी घड्याळात दहा वाजले की बटण बंद करणारे पहिले तुम्हीच होतात. आजारी माणूस कुठल्या घरात आहे ते विचारून बॉक्स फिरवणारेही तुम्हीच. मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाऊन ऐकायची सवय मला तिथूनच लागली. पस्तीस मीटर मागे उभ्या माणसाला आवाज साधारण एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १४५ ठोके असतील तर तो अख्खा पाव मात्रेने मागे असतो, आणि तरी नाचतो. मी साउंड चेकला तिथे जाऊन उभा राहतो. स्टेजवरचे लोक वैतागतात. वैतागोत.

चतुर्थीला येतोय. तुमच्या घरची दुसऱ्या दिवशीची आरती पूर्ण रेकॉर्ड करायची आहे, तीन माइकवर. ते कुठे लावायचे ते तुम्ही ठरवा, मी केबल सोडतो. नातू शामेळ चांगलं वाजवतो असं ऐकलं, त्याला लय वाढवू नकोस म्हणून आत्तापासून सांगून ठेवा. आणि तो जुना सोळा चॅनेलचा मिक्सर भंगारात देऊ नका. मी घेतो, किंमत तुम्ही सांगा. या वेळी पैसे घ्यावे लागतील.

तुमचा,
टेम्पोतला पोरगा, मांद्रे