सगाला येथील शेतांना मधपेट्यांचे कुंपण घालण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

केनियात राहणाऱ्या, तसेच काही वर्षे येथे काढून मायदेशी परतलेल्या सर्व मराठी कुटुंबांना आमच्या नैरोबीतील मराठी मंडळातर्फे ही विनंती आहे. त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीला लागून असलेल्या सगाला भागातील चार शेतकरी कुटुंबांच्या प्रत्येकी एक एकर शेताला हत्तींना रोखण्यासाठी मधपेट्यांचे कुंपण घालून द्यायचे, आणि ते ऑक्टोबरच्या पावसापूर्वी उभे करायचे, असे मंडळाच्या सर्वसाधारण सभेत ठरले आहे. त्यासाठी आपल्या आर्थिक मदतीची आणि थोड्या श्रमांची गरज आहे.

त्सावो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. मोंबासाला जाता-येता वाटेत लागणारे, लाल मातीत लोळून विटकरी झालेले तिथले हत्ती पाहुण्यांना दाखवल्याशिवाय आपली केनियाची सहल पुरी होत नाही. गेल्या डिसेंबरात मंडळाचे काही सभासद मात्र उद्यानात न जाता जवळच्या वोई गावाहून सगालाच्या डोंगराच्या पायथ्याशी गेले. आदल्या रात्री हत्ती येऊन गेलेल्या एका शेतात आम्ही सकाळी पोहोचलो, तेव्हा मक्याचे ताट एकही उभे नव्हते. परातीएवढ्या पावलांच्या ठशांत पावसाचे पाणी साचले होते आणि घरामागची पाण्याची टाकी फुटून आडवी पडली होती. त्या घरच्या बाईंनी (इकडे वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात, म्हणजे आई) सुपासारख्या टोपलीत उरलेली कणसे आणून आमच्यासमोर ठेवली. निम्म्या कणसांत दाणाही भरलेला नव्हता. तीन रात्री त्या शेकोटी पेटवून, पत्र्याचा डबा बडवत जागल्या होत्या आणि चौथ्या रात्री त्यांचा डोळा लागला होता. हत्तींविषयी त्या एकही वाईट शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या पावसापर्यंत मुलांना काय घालायचे, एवढेच त्या विचारत होत्या.

हा प्रश्न हत्ती वाचले म्हणून उभा राहिला आहे, हे समजून घ्यायला हवे. हस्तिदंतासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे १९८८ पर्यंत त्सावो परिसरात जेमतेम पाच-सहा हजार हत्ती उरले होते. १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, वनरक्षकांनी प्राणांची बाजी लावून पहारा दिला आणि २०२१ च्या गणनेत हा आकडा सुमारे १५ हजारांवर गेला. याचा आनंद आपल्या सर्वांना आहे. परंतु या यशाची किंमत उद्यानाच्या कडेला एक-दोन एकरांवर मका, मूग आणि चवळी पिकवणारे शेतकरी मोजत आहेत. कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण पंचनामा होऊन पैसे हाती पडेपर्यंत अनेकदा वर्षे जातात. ज्याचे वर्षाचे धान्य एका रात्रीत गेले, त्याने हत्तीवर विषारी बाण रोखू नये असे आपण म्हणणार असू, तर त्याच्या नुकसानीत आपलाही वाटा असायला हवा, असे मंडळाला मनापासून वाटते.

मधपेट्यांचे कुंपण हा उपाय याच मातीतला आहे. हत्ती मधमाश्यांना भितात, हे इकडच्या मध काढणाऱ्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. ल्युसी किंग यांनी ‘सेव्ह द एलिफंट्स’ या संस्थेच्या साहाय्याने ते शास्त्रीय कसोटीवर तपासले आणि त्यातून कुंपणाची रीत बसवली. हत्तीची कातडी जाड असली तरी डोळ्यांभोवती आणि सोंडेच्या आत डंख बसला की त्याला सोसत नाही, आणि पिल्लांची कातडी तर कोवळीच असते. नुसता माश्यांचा गुंजारव कानी पडला तरी कळप मागे फिरतो आणि विशिष्ट घुमणारा आवाज काढून इतरांनाही सावध करतो.

एक एकराला १२ खऱ्या मधपेट्या आणि त्यांच्या मधे मधे १२ खोट्या, म्हणजे पिवळ्या रंगाने रंगवलेल्या प्लायवूडच्या फळ्या, दर दहा मीटरवर टांगाव्या लागतात आणि सगळ्या एका तारेने जोडाव्या लागतात. खांबांसाठी गुग्गुळाच्या जातीच्या झाडाचे खुंट रोवले की त्यांना पालवी फुटते आणि कुंपण जिवंत होते. अंधारात हत्ती शेतात शिरू लागला की त्याची छाती तारेला लागते, साऱ्या पेट्या झुलतात आणि माश्या बाहेर पडतात.

सगाला येथील नऊ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पीक उभे असण्याच्या ऐन काळात कुंपणाजवळ आलेल्या हत्तींपैकी ८६ टक्क्यांपर्यंत परत फिरले, असे त्यात दिसून आले. त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही देणगीदारांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे. २०१७ च्या दुष्काळात पेट्यांतील वसाहती तीन-चतुर्थांशाने घटल्या आणि त्या सावरायला तीन वर्षे लागली. फुले नाहीत, पाणी नाही, मग माश्या राहणार कशा? म्हणून आमच्या अंदाजपत्रकात पेट्यांवर सावलीसाठी छपरे, माश्यांसाठी उथळ पाणवठे आणि बांधावर लावायची फुलझाडे यांचाही खर्च धरला आहे. पेट्या फोडून मध खाणाऱ्या चांदी अस्वलाचा (हनी बॅजर या छोट्या प्राण्याचा) बंदोबस्तही करावा लागतो.

पेट्यांची मालकी संबंधित कुटुंबाचीच राहील आणि मधाचे उत्पन्नही त्यांचेच असेल. सगालात या कामी बायका पुढे आल्या आहेत, आणि कुंपण टिकण्याचे खरे कारण आम्हाला तेच वाटते. तार सैल झाली, पेटीला मुंग्या लागल्या, तर ज्यांचे पोट त्या शेतावर आहे त्याच रोज सकाळी फेरी मारून पाहतात.

दोडामार्गमधील तिलारी खोऱ्यात दोन दशकांहून अधिक काळ हत्तींमुळे माड, केळी आणि भात गमावणारे शेतकरी आहेत, आणि गडचिरोलीतही २०२१ पासून हत्तींचा कळप आला आहे. आपल्यापैकी काहींची घरे त्याच भागातली आहेत. त्यांना सगालाच्या बाईंची ती टोपली वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

चार शेतांसाठी एकूण ४८ मधपेट्या लागतील. एका कुटुंबाने निदान एका पेटीचा खर्च उचलावा, अशी विनंती आहे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी तार, खोट्या पेट्यांचे प्लायवूड किंवा माश्या हाताळताना घालायचे जाळीचे पोशाख यांपैकी जे जमेल ते द्यावे. देणगी मंडळाच्या खजिनदारांकडे जमा करून पावती अवश्य घ्यावी. खर्चाचा हिशेब आणि प्रत्येक शेताची स्थिती दर तिमाही सभेत सभासदांपुढे मांडली जाईल. खांब रोवण्यासाठी आणि तार ओढण्यासाठी सप्टेंबरमधील दोन शनिवार-रविवार आम्ही सगालाला जाणार आहोत. सोबत येणाऱ्यांनी कार्यवाहांकडे नावे नोंदवावीत. राहण्याची सोय वोईत केली आहे, आणि मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असणाऱ्यांनी कृपया येऊ नये.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ