काटा उतरतोय, पाणी जातंय कुठे?

प्रिय सुध्या,

दर आठवड्याला अर्धा लिटर पाणी ओततोस, गाडीखाली थेंब नाही, आणि गॅरेजवाला म्हणतो रेडिएटर बदलून टाकू. जरा थांब. रेडिएटर गेलाही असेल, पण तो अंदाजाने बदलायची गरज नाही. आधी प्रेशर टेस्ट करून घे, म्हणजे रेडिएटर-होजमध्ये पंपाने दाब भरायचा आणि तो टिकतो का ते बघायचं. हातपंप, त्यावर दाबाचा काटा आणि झाकणाच्या जागी बसणारा ॲडॅप्टर, एवढंच सामान लागतं.

थेंब दिसत नाही याचं कारण साधं आहे. तापलेल्या इंजिनावर पडलेलं पाणी तिथेच उडून जातं, मागे कूलंटचा हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा तेवढा राहतो. गाडी गार झाली की दाब उतरतो आणि गळती थांबते. टेस्टरने आपण तोच दाब गार इंजिनात आणतो. मग पाणी उडत नाही, पंखा-बेल्ट फिरत नाहीत आणि निवांत टॉर्च मारून बघता येतं.

इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना झाकण उघडशील तर तोंड भाजेल. रेडिएटर गळ्यापर्यंत भर. आत हवा राहिली तर गळक्या जागेतून पाण्याऐवजी हवा निसटेल आणि तुला काही दिसणार नाही. तुझ्या गाडीत स्प्रिंगचं झाकण रेडिएटरवर आहे, म्हणजे ॲडॅप्टर तिथेच बसवायचा, बाजूच्या बाटलीवर नाही. त्या बाटलीत दाब नसतो. ज्या गाड्यांत आट्यांचं झाकण बाटलीवरच असतं, त्यांचा टेस्टर बाटलीवर लागतो.

किती दाब द्यायचा ते झाकणावरच छापलेलं असतं. 0.9 (बार) असेल तर साधारण 13 पीएसआय, 1.1 असेल तर 16. त्याच्यापुढे एक ठोकाही नको. जुन्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे पत्रा दुमडून बसवलेली असते, तो सांधा जास्त दाबाने उघडतो आणि नसलेली गळती तू स्वतःच तयार करतोस.

पहिल्या मिनिटात काटा किंचित उतरेल. होज पाईप फुगतात म्हणून तसं होतं. पुन्हा पंप मारून दाब बरोबर कर आणि तिथून पंधरा मिनिटं मोज. ॲडॅप्टरच्या कडेला साबणाचं पाणी लाव. बुडबुडे आले तर टेस्टरच गळतोय.

काटा हलला नाही तर बाहेर शोधत बसू नको. मग झाकण तपास, टेस्टरसोबत त्याचाही ॲडॅप्टर येतो. छापलेल्या दाबाच्या बऱ्याच आधी ते सुटत असेल तर दोष त्याचाच. झाकणाला आतल्या बाजूला उघडणारी एक छोटी झडपही असते. ती अडकली तर गाडी गार होताना वरचा होज चपटा होतो आणि बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही.

काटा उतरला तर वरून खाली बघत ये, कारण पाणी ओघळून भलतीकडेच ठिबकतं. होजच्या क्लिपा, थर्मोस्टॅटचं घर, टाकीचा तो सांधा. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, ते वरून दिसत नाही, छोटा आरसा लागतो. तिथे ओल किंवा पापुद्रा दिसला तर आतलं सील गेलं. भोक बुजवू नको, पंप बदल. गळती दाखवण्यासाठीच ते ठेवलेलं असतं.

बाहेर सगळं कोरडं आणि काटा मात्र उतरतोय? डाव्या सीटच्या पायाशी गालिचा दाबून बघ. चिकट ओल, गोडसर वास, काचेवर तेलकट धुकं म्हणजे हीटर कॉइल, डॅशबोर्डमागची हीटरची छोटी जाळी, गळतेय. एसीचं पाणीही त्याच बाजूला गळतं, पण त्याला वास नसतो आणि ते बोटाला बुळबुळीत लागत नाही. चव मात्र घेऊ नको, कूलंट विषारी असतं. सांडलेलंही लगेच धुऊन टाक, कुत्री-मांजरं चाटतात.

गालिचाही कोरडा असेल तर हेड पॅकिंगचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगचा संशय. सगळे स्पार्क प्लग काढ, दाब तसाच ठेवून थोडा वेळ थांब, मग इंधन आणि इग्निशन तोडून सेल्फ मार. ज्या भोकातून पाण्याचा फवारा उडेल तो सिलिंडर. प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. पिस्टनवर पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलच्या झाकणाखालच्या पांढऱ्या सायीवरून लगेच निकाल देऊ नको. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीतही ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ झालंय का ते बघ.

एक खोड लक्षात ठेव. काही गळत्या फक्त गार असताना दिसतात, कारण क्लिपेखालचं रबर आकसतं. काही चिरा उलट तापल्यावरच उघडतात. गार टेस्ट पास झाली तरी पाणी कमी होत असेल, तर इंजिन कोमट असताना पुन्हा दाब दे. अशा वेळी इंजिन निवत जाईल तसा काटाही थोडा खाली येणारच, तेवढ्यावरून गळती धरू नको.

टेस्टर काढण्याआधी त्याची झडप दाबून हवा सोड, नाहीतर शर्ट रंगेल.

आणि हळद? रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती बुजवायचा सल्ला तुला कोणीतरी देईलच. हळद भोकात बसते तशी हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते. आधीच टाकली असशील तर टेस्टच्या आधी सगळं धुऊन काढ.

काम झालं की कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भर. बोअरचं पाणी नको, क्षार धरतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू कर आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहा. दुसऱ्या दिवशी गार असताना पुन्हा पंधरा मिनिटं दाब दे, मगच कुंभार्ली घाट चढ. काटा कुठे थांबला ते कळव.

तुझा,
अव्या