रेफर चिठ्ठीवर वेळ लिहीत जा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मेळघाटातल्या आरोग्य केंद्राची तुझी ऑर्डर आली तेव्हा बाबांनी आधी नकाशा उघडला आणि मी तिथे रेंज येते का ते विचारलं. तू फोनवर म्हणालास, "बाँडचं एक वर्ष काढायचंय आई, खरं काम पुढे आयसीयूत शिकेन." तेव्हा मी काही बोलले नाही, पण ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

सिस्टर म्हणून माझी बहुतेक नोकरी जिल्ह्याच्या आयसीयूत गेली. तिथल्या रजिस्टरला ज्या बाळंतिणींच्या मृत्यूची नोंद होते, त्यांतल्या पुष्कळ जणी दारातून आत येतानाच हातच्या गेलेल्या असतात. जे बिघडायचं ते दहा-बारा तास आधी, एखाद्या केंद्रात, घरी नाहीतर गाडीत बिघडलेलं असतं. तू आता त्या दहा-बारा तासांच्या पहिल्या टोकाला जाऊन बसणार आहेस. आमच्यापेक्षा तुझ्या हातात जास्त आहे, हे मला तुला सांगायचं आहे.

आकडे तुला पाठ असतील. 2018 ते 2020 या काळात लाख जिवंत जन्मांमागे देशात 97 माता गेल्या, महाराष्ट्रात 33, केरळात 19. आपला तेव्हाचा 33 चांगला आहे, त्यामागे खूप जणांचे कष्ट आहेत. पण ती सगळ्या राज्याची सरासरी, त्यात मुंबई-पुणंही आलं. जगात 2023 साली सुमारे 2 लाख 60 हजार बायका गरोदरपणात नाहीतर बाळंतपणात गेल्या आणि त्यांतल्या दहात नऊपेक्षा जास्त गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. आजार सगळीकडे तेच: रक्तस्राव, वाढलेलं बीपी आणि झटके, जंतुसंसर्ग. श्रीमंत देशातल्या बाईलाही ते होतात, पण त्यांनी ती सहसा मरत नाही.

एका पावसाळ्यातली पेशंट सांगते. विशीतली पहिलटकरीण. पहाटे घरी झटका आला. अंगात आलं असं समजून घरच्यांचा थोडा वेळ गेला, मग आशाताईने गाडी बोलावली. आधी केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा. तिथे बाळंत झाली आणि रात्री आमच्याकडे आली. सोबत तीन चिठ्ठ्या, एकीला एक स्टेपल केलेल्या. तिन्हींवर मजकूर एकच: "पुढील उपचारासाठी रवाना." एकीवरही वेळ नाही. मॅगसल्फ, म्हणजे झटके रोखायचं इंजेक्शन, दिलं की नाही, दिलं तर किती, कुठेच लिहिलेलं नाही. सासूला विचारलं तर "दोन सुया दिल्या" एवढंच तिला माहीत. आता आम्ही पूर्ण डोस द्यायचा की निम्मा? आधी दिलेलं असेल तर श्वास थांबायची भीती, नसेल तर पुढचा झटका. लघवीची पिशवी उचलून पाहिली तर तळाला जेमतेम काहीतरी, रंग काळ्या चहासारखा. आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी जबाबदारी म्हणून एकेक सलाइन चढवलेलं. बीपीच्या पेशंटला ते पाणी सोसत नाही रे, ते फुप्फुसात उतरतं. ट्यूब टाकली तेव्हा नळीतून गुलाबी फेस आला. व्हेंटिलेटर होता, आम्ही लावला. दुसऱ्या दिवशी ती गेली. बाळ सासूने नेलं.

त्या तिन्ही ठिकाणची माणसं वाईट नव्हती, हे मी खात्रीने सांगते. कुठे एकाच डॉक्टरकडे दोन पदांचा भार, कुठे भूलतज्ज्ञ नाही, कुठे रक्त साठवायची सोय कागदावर. अशा ठिकाणी पेशंट पुढे पाठवणं हाच उपचार वाटू लागतो. तुलाही वाटेल. धारणीहून सेमाडोहचा घाट उतरून परतवाडा आणि तिथून अमरावती, जवळपास दीडशे किलोमीटर. पावसात किती तास लागतील ते तूच बघशील. त्या गाडीत ती काहीही न मिळता बसली तर पुढे कितीही भारी आयसीयू असो, तिला त्याचा काय उपयोग?

म्हणून आधी द्यायचं ते दे आणि मग पाठव. झटके आले किंवा येतील असं वाटलं तर मॅगसल्फचा पहिला डोस तुझ्याच केंद्रात गेला पाहिजे: प्रत्येक बाजूला 5 ग्रॅम, खोल स्नायूत, एकूण 10 ग्रॅम. आपल्याकडे अँप्युल 1 ग्रॅमचं येतं, म्हणजे दहा फोडायची. नव्या मुलांचे हात इथेच थरथरतात, एवढं औषध एकदम कसं द्यायचं म्हणून. नर्सबाईंना आधीच सांगून ठेव आणि एका डब्यात दहा अँप्युल, सिरिंजा आणि मॅगसल्फ जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट एकत्र बांधून ठेव. पुढच्या डोसआधी गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतो का, मिनिटाला श्वास 16 तरी आहेत का, तासाला लघवी 30 मिली होते का, एवढं पाहायचं. पुढचे डोस किती, हे वरचे लोक ठरवतील. सोलापूरच्या डॉ. सरदेसाईंनी आपल्याकडच्या कमी वजनाच्या बायकांसाठी कमी डोसची पद्धत बसवली, ती आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चालते. पहिला डोस मात्र कोणाची वाट बघून अडू देऊ नकोस.

रक्तस्रावाचं तर घड्याळ आणखी जवळचं. तिथल्या बऱ्याच कोरकू बायका चाळीस-पंचेचाळीस किलोच्या, हिमोग्लोबिन सात-आठ. 500 मिली रक्त गेलं की धोका, असं पुस्तक म्हणतं, पण तेवढं तिच्या अंगातून गेलं तर तिच्याजवळ उरतं काय? बीपी पडायची वाट बघू नकोस, ते सगळ्यात शेवटी पडतं. नाडीला वरच्या बीपीने भाग. 0.9 च्या वर गेलं की ती धोक्यात आहे, मग ती कितीही शांत बोलत असो. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव आवरायचं औषध, 1 ग्रॅम, बाळंत झाल्यापासून तीन तासांच्या आत. वीस हजार बायकांवरचा अभ्यास 2017 साली आला, त्यानंतर हे औषध न देण्याला कारण उरलं नाही. कंडोम आणि कॅथेटरचा फुगा शिकून घे, गर्भाशयात फुगवला की तो रक्तस्राव दाबून धरतो. तो बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी महागडा फुगा परवडत नाही म्हणून बनवला आणि त्याने कितीतरी गर्भाशयं आणि जीव वाचले.

आणि एक काचेची नळी. लॅब नसली तरी रक्त गोठतंय का ते कळतं. साध्या कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, नळी मुठीत धरायची म्हणजे ती गरम राहते. चार मिनिटांनी हळूच तिरकी करायची, मग दर मिनिटाला. सात मिनिटांत गाठ धरली नाही किंवा धरलेली गाठ लगेच विरली, तर रक्त गोठायचं थांबलंय. ते चिठ्ठीवर लिही आणि ती निघायच्या आधी रक्तपेढीला फोन कर. आमच्याकडे अशी बाई आल्यावर तिचा गट तपासण्यापासून सुरुवात होते, तेव्हा मला ओरडावंसं वाटतं.

श्वास मोजत जा. आमच्याच नव्हे, कुठल्याही वॉर्डातले चार्ट काढून बघ, श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 20, 20, 20. कोणी मोजलेलेच नसतात. जंतुसंसर्ग झालेल्या बाळंतिणीचा ताप कधी येतो कधी नाही, पण श्वास आधी वाढतात. पूर्ण एक मिनिट, पोटाकडे बघून. त्याला ना वीज लागते ना मशीन.

कोविडमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात व्हेंटिलेटर आले, ते बरंच झालं. पण रात्री इतक्या खाटांमागे एकच सिस्टर असली तर ट्यूबमधला चिकटा वेळेवर निघत नाही, युरिन तासाला मोजली जात नाही. ब्लड गॅसचं मशीन असतं, त्याची कार्ट्रिज संपलेली असते. अशा आयसीयूत जी बाई वेळेत येते ती वाचते, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे आणि त्या वाचलेल्या बायकांमुळेच मी इतकी वर्षं इथे टिकले. चार दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेली बाई उठून बसून पहिल्यांदा बाळ मागते, तेव्हा सगळा वॉर्ड गोळा होतो.

मृत्यू झाला तर दाखल्यावर "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" लिहून मोकळा होऊ नकोस. हृदय प्रत्येकाचंच थांबतं. माता मृत्यूचं अन्वेषण होतं, जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातं, पण कागदावर वेळा नसल्या तर ती बैठक चहापाण्यात संपते किंवा सगळा दोष एखाद्या एएनएमच्या, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाईच्या, गळ्यात पडतो. केरळात 2004 पासून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नावं गुप्त ठेवून प्रत्येक मृत्यूची चौकशी सुरू केली. कोण चुकलं यापेक्षा कुठे उशीर झाला हे त्यांनी शोधलं, आणि त्यांचा 19 चा आकडा असल्या कामातूनही आला असं मी मानते. तू मोठी चौकशी करू शकणार नाहीस. चिठ्ठीवर आल्याची वेळ, काय दिलं, किती वाजता दिलं, निघाल्याची वेळ आणि तुझा मोबाईल नंबर एवढं लिहू शकतोस. माझ्यासारखी कोणीतरी सिस्टर रात्री दोन वाजता ते वाचते.

घरच्यांवर चिडू नकोस. "उशिरा का आणलं?" हा प्रश्न तिच्या नवऱ्याला पहिला विचारलास तर पुढच्या वेळी तो येणारच नाही. आशाताईला आणि गावच्या दाईला सोबत घे. त्यांना पाडे माहीत असतात, भाषा माहीत असते. केंद्रात माहेरघराची खोली असेल तर लांबच्या पाड्यांवरच्या बायकांना दिवस भरायच्या आधीच तिथे आणून ठेव, सोबतच्या माणसाच्या जेवणाची सोय आधी बघ, नाहीतर त्या राहत नाहीत.

रुजू झालास की फोनवर मला एवढं सांग: ऑक्सिटोसिन, गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन, फ्रिजमध्ये ठेवलंय की ट्रेमध्ये, फ्रिज इन्व्हर्टरवर आहे का, आणि 108 ची गाडी रात्री कुठे उभी असते. स्वेटर आणि मच्छरदाणी पार्सलने पाठवते आहे. वेळेवर जेवत जा.

तुझी,
आई