पित्ताची गोळी चुकीच्या वेळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पित्ताची गोळी’ म्हणून घरोघरी घेतली जाणारी पॅन्टोप्राझोल पुष्कळ जण नाश्ता उरकल्यावर घेतात आणि ती लागू पडत नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची मागतात. चूक वेळेची असते. जठरातले आम्ल सोडणारे पंप अन्न आले की चालू होतात आणि हे औषध चालू पंपच बंद पाडते. रक्तात ते काही तासच टिकते, म्हणून खाण्याच्या अर्धा ते पाऊण तास आधी पोटात जायला हवे. गोळी घेऊन दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहिल्यास बराचसा उपयोग वाया जातो. गोळी कुटू नये. वरचे आवरण फुटले की औषध जठरातल्या आम्लातच नासते.

पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. आत्ता जळजळतेय तर पातळ अँटासिड (आम्ल लगेच शमवणारे औषध) दोन चमचे बरे. मात्र लोहाच्या गोळीपासून दोन आणि थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवून.

खरी काळजी नावापुढे ‘डी’ असलेल्या, पॅन्टोप्राझोलसोबत डॉम्पेरिडोनही असणाऱ्या कॅप्सूलची. हे डॉम्पेरिडोन मळमळीवरचे. आम्ल कमी करण्याशी त्याचा संबंध नाही. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते म्हणून युरोपीय औषध नियामकाने २०१४ मध्ये त्यावर दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि साधारण एक आठवडा अशी मर्यादा घातली. आपल्याकडच्या एका कॅप्सूलमध्येच बहुधा ३० मिलिग्रॅम असते आणि ती वर्षानुवर्षे चालते! सोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध सुरू असेल तर धोका आणखी वाढतो.

महिनोन्‌महिने घेतलेली पॅन्टोप्राझोल एकदम सोडली की दबलेले आम्ल उसळते. माणसाला वाटते आजार परतला, आणि गोळी पुन्हा सुरू होते. डॉक्टरांना विचारून ४० वरून २० मिलिग्रॅम, मग एक दिवसाआड, असे उतरावे. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र पॅन्टोप्राझोल परस्पर बंद करू नये. तिथे ती रक्तस्राव टाळण्यासाठी दिलेली असते. डांबरासारखी काळी शौच, गिळताना अडकणे, विनाकारण वजन घटणे, यांवर गोळी बदलत बसू नये. आधी तपासणी.

हे औषध चिठ्ठीशिवाय विकायचे नाही, असा नियम आहेच. औषध दुकानदारांनी निदान पाकिटावर पेनाने ‘खाण्याआधी अर्धा तास’ आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे लिहून द्यावे.

– एक फार्मासिस्ट, सांगली